फास्टर फेणे: आधी पुस्तक की आधी पिक्चर?

प्रश्न: ताई, लेक चौथीत आहे, वाचायचा जाम कंटाळा. मी लहानपणी फास्टर फेणेवर जीव टाकायचे, म्हणून म्हटलं आधी पिक्चर दाखवू, मग पुस्तकं आपोआप हातात घेईल. पण नवरा म्हणतो की पिक्चरमधला फेणे तो फेणेच नाही. खरंच एवढा फरक आहे का? आणि पिक्चर दाखवू की नको?

उत्तर: नवऱ्याचं अर्धं बरोबर आहे हो. लेखक भा. रा. भागवतांचा बनेश ऊर्फ फास्टर फेणे म्हणजे फुरसुंगीहून पुण्याच्या विद्या भवनात शिकायला आलेला किडकिडीत शाळकरी पोरगा, आणि त्या वीस पुस्तकांची सगळी गंमत त्याच्या वयात आहे असं मला वाटतं. बन्याला संशय येतो, तो मोठ्यांना सांगायला जातो, मोठे म्हणतात जा अभ्यास कर, मग हा सायकलवर टांग टाकून स्वतःच निघतो. चौथीतल्या पोराला हे 'कोणी आपलं ऐकतच नाही' प्रकरण रोजचं असतं, त्यामुळे ते त्याला लगेच भिडतं, समजावून सांगावं लागत नाही.

2017च्या पिक्चरमध्ये (दिग्दर्शक आदित्य सरपोतदार) अमेय वाघचा फेणे मेडिकलची प्रवेशपरीक्षा द्यायला पुण्यात येतो, तिथे एका विद्यार्थ्याचा मृत्यू होतो आणि मग परीक्षेतला घोटाळा बाहेर यायला लागतो. थ्रिलर म्हणून मला तो आवडला, गिरीश कुलकर्णींचा खलनायक अप्पा तर डोक्यातून जात नाही. पण फेणे मोठा झाला की 'हा तर लहान आहे, याला काय कळतंय' हा पत्ताच डावातून जातो, उरतो एक हुशार तरुण डिटेक्टिव, आणि तसे पडद्यावर खूप आहेत. तरी भागवतांनाच पात्र करून दिलीप प्रभावळकरांना त्या भूमिकेत आणलंय त्याला मात्र माझे पूर्ण मार्क. 1980च्या दशकात दूरदर्शनवर मालिका होती त्यात सुमीत राघवन फेणे होता, तेव्हा तो स्वतःच पोरसवदा, म्हणून वयाच्या बाबतीत ती पुस्तकांच्या जास्त जवळची.

आता ते 'टॉक्' घ्या. पुस्तकात फेणेला काही सुचलं की तो टाळ्याला जीभ लावून टॉक् करतो, आणि वाचणारं पोर तिथेच थांबून स्वतः करून बघतं, पहिल्यांदा नीट जमत नाही, मग दिवसभर घरात टॉक् टॉक् चालू, आपलं डोकं उठतं. पिक्चरमध्येही टॉक् आहेच, पण तिथे ते अमेय वाघचं, आपण नुसतं ऐकायचं.

म्हणून माझं मत, पिक्चर दाखवा पण आत्ता नको. मृत्यू, आत्महत्येचा संशय, परीक्षेचं टेन्शन हे चौथीतल्या मुलाला जड आहे, सातवी-आठवीत एकत्र बसून बघा. आणि पिक्चर बघून पोरं आपोआप पुस्तक उचलतात यावर माझा फारसा विश्वास नाही, उलट गुंड आणि पाठलागाची अपेक्षा ठेवून पुस्तक उघडलं की पहिली दहा पानं त्यांना स्लो वाटतात. तुम्ही स्वतः मोठ्याने वाचून दाखवा, रोज एकच प्रकरण, आणि फेणे नेमका फसला की पुस्तक मिटून खुशाल झोपायला जा. सुरुवातीला 'प्रतापगडावर फास्टर फेणे' घ्या.

प्रश्न (त्याच पत्रात खाली): भाषा जुनी वाटेल का त्याला?

उत्तर: थोडी वाटेल. तारा, ट्रंककॉल असलं काही आलं की तो विचारेल, सांगून टाका आणि पुढे चला. शब्द गाळून किंवा सोपे करून मात्र वाचू नका, भागवतांचे संवाद मस्त पळतात, मधे हात घातला की अडखळतात.