विचारा काकांना : जावयाची रायफल अन् कॅलिबरचा घोळ

प्रश्न : काका नमस्कार. आमचे जावई टेक्सासला आयटीत आहेत, तिथं ते ऑर्डर देऊन सेमी-ऑटोमॅटिक रायफल (दर ट्रिगरला एक गोळी, पुढची आपोआप भरली जाते) करून घेतायत, एआर-१५ ह्या अमेरिकन मॉडेलच्या टाइपची. बनवणारा विचारतोय कॅलिबर कुठलं पाहिजे, .२२३, .३०० ब्लॅकआउट की ६.५ ग्रेंडेल. महिन्यातनं दोनदा रेंजवर कागदावर मारणार आणि वर्षातनं एखाद्या वेळी मित्राच्या रँचवर रानडुकरं. आता रोज व्हिडिओ कॉलवर हेच, 'बाबा, तुम्ही एनसीसीत होता ना, सांगा की'. मी एनसीसीत .२२ च्या पाच गोळ्या मारल्या होत्या, त्यातल्या दोन शेजाऱ्याच्या टार्गेटवर लागल्या. काय सांगू त्यांना?
(एक सासरे, जुळे सोलापूर)

उत्तर : सासरेबुवा, जावईबापूंनी तुम्हाला विचारलं हाच मान समजा. प्रश्न चांगलाय, फक्त उलटीकडनं सुरू झालाय. कॅलिबर म्हणजे ढोबळमानानं नळीची आतली रुंदी, .२२३ आणि .३०० हे आकडे इंचातले, ६.५ हा मिलिमीटरमधला. कॅलिबर आधी ठरवायचं नसतं, काय मारायचं, किती लांबनं मारायचं आणि काडतूस कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतंय का, हे आधी.

हे तिन्ही एकाच साइजच्या रायफलीत बसतात म्हणून तर घोळ होतो. गोळीचं वजन तिकडं ग्रेनमध्ये मोजतात, आपल्याला ते परकं वाटतं पण जुना तोळा बरोबर १८० ग्रेनचा होता, सराफ कट्ट्यावरच्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. .२२३ ची नेहमीची गोळी ५५ ग्रेन, म्हणजे साडेतीन ग्रॅमच्या आसपास, पाव तोळ्याच्या थोडी वर. एवढीशी गोळी, पण सेकंदाला साडेनऊशे मीटरच्या आसपास पळते. ग्रेंडेलची १२३ ग्रेन, आठ ग्रॅम, जरा हळू निघते पण लांबवर वेग टिकवते, वाऱ्यानं कमी सरकते. आणि ब्लॅकआउटमध्ये दोन प्रकार, एक ११० ते १२५ ग्रेनची वेगवान आणि दुसरी २०० च्या वरची, सव्वा तोळ्यापर्यंत जाते, ती मुद्दाम आवाजाच्या वेगापेक्षा हळू ठेवतात म्हणजे सायलेन्सर लावला की फारसा आवाज येत नाही. मात्र ही जड गोळी लांबवर दगडासारखी खाली पडते, १०० मीटरच्या आतलंच तिचं काम.

आता रायफलीत काय बदलतं ते बघा. आपल्याकडं मागावर सुताचा काउंट बदलला की फणी बदलावी लागते, तसंच हे. ब्लॅकआउटचं काडतूस .२२३ चीच केस, म्हणजे काडतुसाचं पितळी नळकांडं, कापून बनवलेलं, त्यामुळं बोल्ट (काडतुसामागं नळी बंद करणारा भाग) तोच, मॅगझिन (काडतुसं भरायची पेटी) तेच, फक्त बॅरल म्हणजे नळी बदलली की झालं. ग्रेंडेलच्या केसचा बूड जाड, त्याला बोल्ट वेगळा, मॅगझिन वेगळं, बॅरल तर वेगळी आहेच. ते काडतूस २००३ साली बाजारात आलं, दुकानं ठेवतात पण .२२३ सारखं कुठल्याही गल्लीत मिळेल असं नाही.

ब्लॅकआउटचा हा सोपेपणाच एक दिवस घात करतो, म्हणून इथं जरा थांबतो. मॅगझिन सेम, बाहेरनं बघून कळत नाही. टेबलावर दोन रायफली ठेवल्या, घाईत ब्लॅकआउटचं मॅगझिन .२२३ च्या रायफलीला लागलं, काडतूस कधी कधी आत बसतंही, बोल्ट बंद होतो, सगळं ठीक वाटतं आणि ट्रिगर दाबला की साडेसात मिलिमीटरच्या वरची गोळी साडेपाचच्या नळीत घुसायला बघते. ती जाणार कुठं? रायफल आपल्याच चेहऱ्यापाशी फुटते. म्हणून दोन्ही कॅलिबर घरात असतील तर मॅगझिनवर रंगीत टेप लावा आणि शक्यतो एका दिवशी एकच कॅलिबर रेंजवर न्या. फौजेत आम्हाला उस्ताद सांगायचे, शस्त्र विसरलास तर रगडा (म्हणजे घाम काढणारी शिक्षा), काडतूस मिसळलंस तर डबल रगडा. तेव्हा राग यायचा.

माझं मत विचाराल तर जावईबापूंनी .२२३ घ्यावी. त्यांचा हिशोबच बघा ना, वर्षभर कागदावर गोळ्या उडवायच्या आणि डुकराला फार तर एक डबा, मग स्वस्तातलं काडतूसच परवडणार. फक्त चेंबर, म्हणजे नळीच्या मागची काडतूस बसायची जागा, '.२२३ वाइल्ड' सांगायचं. साध्या .२२३ च्या चेंबरमध्ये फौजी ५.५६ चं काडतूस घालू नये, प्रेशर वाढतं, वाइल्डमध्ये दोन्ही चालतात. आणि ट्विस्ट १:८ घ्यायचा, म्हणजे नळीतल्या आट्यांमुळं गोळी ८ इंचात एक फेरा घेते, त्यात ५५ पण चालते आणि ७७ ग्रेनची जड पण. जुन्या १:१२ च्या नळीत ७७ ची गोळी डगमगते, कागदावर गोल भोक पडायच्या ऐवजी आडवं पडतं. डुकराला मात्र रेंजवरची साधी गोळी नको, शिकारीसाठी बनवलेली घ्या आणि कानाच्या मागं नेम धरा, पोटात मारून जनावर तडफडत सोडणं हे पापच. पुढं रँचवर जाणं वाढलं, दोनशे-तीनशे मीटरवरनं मारायची वेळ आली, तर ग्रेंडेलचा वरचा अर्धा भाग वेगळा घेता येतो, खालचा तोच राहतो. .३०८ चा विचार करत असतील तर सांगा की त्याला रायफलच मोठी लागते, ह्या साच्यात ते बसत नाही.

बाकी कॅलिबरवर भांडण आपल्या फौजेत पण झालंय. मी भरती झालो तेव्हा ७.६२ मिलिमीटरची एसएलआर रायफल, नंतर हातात ५.५६ ची इन्सास रायफल आली, हलकी म्हणून बरं वाटलं, आणि आता परत ७.६२ आलं, सिग रायफल पण आणि अमेठीत बनणारी एके-२०३ पण. अर्थात त्या दोघींचं ७.६२ सारखं नाही, सिगची केस ५१ मिलिमीटर लांब, एके-२०३ ची ३९, एकीचं काडतूस दुसरीत चालत नाही. नुसत्या आकड्यावर जाऊ नका म्हणतो ते ह्यासाठी.

आणि सगळ्यात आधी हे विचारा की जावई एच-१बी वर (नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर) आहेत का ग्रीन कार्डवर. ग्रीन कार्ड असेल तर प्रश्न नाही. एच-१बी वाल्याला तिकडच्या फेडरल कायद्यानं बंदूकच काय, काडतूससुद्धा जवळ ठेवता येत नाही, काही अपवाद आहेत, त्यातला एक म्हणजे तिथल्या राज्याचं चालू हंटिंग लायसन्स. नोकरी, व्हिसा सगळं पणाला लागतं. वकिलाला विचारून मगच अॅडव्हान्स द्यायचा.

प्रश्न : काका, अशी सेमी-ऑटो सोलापुरात लायसन्सवर मिळेल का? आमच्या मोहोळच्या रानात डुकरांनी मका पार लोळवलाय.

उत्तर : नाही. आपल्याकडं सेमी-ऑटोमॅटिक रायफल सामान्य माणसाच्या लायसन्सवर बसत नाही, आणि .३०३ किंवा ७.६२ चं फौजी काडतूस ज्यात चालतं ती बोल्ट अॅक्शन (दर गोळीला हातानं बोल्ट ओढायची) असली तरी प्रतिबंधित बोअर, म्हणजे सामान्य माणसाला न मिळणाऱ्या मापाची. म्हणून तर इकडं .३१५ ची रायफल दिसते. लायसन्स शहरात पोलीस आयुक्तांकडं, तुमच्यासारख्याला कलेक्टर ऑफिसला, आणि २०१९ पासनं एका माणसाला दोनच शस्त्रं. लायसन्स असलं म्हणून डुकराला गोळी घालता येते असं पण नाही, वन्यजीव कायदा १९७२ चा आहे, आधी वनखात्याकडं अर्ज करा. तोवर झटका मशीन लावा, पण शेतीचंच बॅटरीवालं, डायरेक्ट मेन लाइनची तार सोडू नका, माणूस मरतो.

प्रश्न : जावयानं रेंजवरचं एक काडतूस शोकेससाठी आणतो म्हटलंय. आणू दे का? (परत तेच सासरे)

उत्तर : अजिबात नको! बॅगेत एक जिवंत काडतूस सापडलं तरी विमानतळावरनं थेट पोलीस स्टेशन, आर्म्स अॅक्ट, आणि मुलगी-नातवंडं बाहेर ताटकळत. रिकामी केस पण नको, स्कॅनरवरचा माणूस आधी थांबवणार, मग ऐकणार. त्यांना म्हणावं टार्गेटचा कागद आणा, भोकं पडलेला, तो फ्रेम करू. जाताना त्यांच्या बॅगेत शेंगा चटणी टाका दोन किलो.