आधी माणसं बघ, मग आकडे

अमेरिकन फुटबॉलमध्ये बचावाची रचना ४-३ (पुढच्या रांगेत चार लाइनमन, त्यांच्या मागे तीन लाइनबॅकर) चांगली की ३-४, हा तुझा प्रश्नच उलटा आहे. कॉलेजात हाताशी जी मुलं आहेत त्यांच्यावरच भागवायचं असतं. अंगाने आडवे आणि तरी चपळ असे लाइनमन फार थोड्या संघांच्या वाट्याला येतात; सडपातळ, वेगवान मुलं त्यामानाने सहज सापडतात. टीसीयूचे (टेक्सस ख्रिश्चन विद्यापीठ) तेव्हाचे प्रशिक्षक गॅरी पॅटरसन यांनी म्हणूनच ४-२-५ बसवली: एक लाइनबॅकर कमी, एक सेफ्टी (सगळ्यात मागे राहणारा बचावपटू) जास्त. १ जानेवारी २०११ ला त्यांनी रोझ बोल या मोठ्या कॉलेज सामन्यात विस्कॉन्सिनला २१-१९ असं हरवलं आणि मोसम १३-० असा संपवला.

दुसरं म्हणजे हॅश मार्क, मैदानावरच्या खुणांच्या दोन ओळी; प्रत्येक चाल त्यांच्यावर किंवा त्यांच्यामध्ये सुरू होते. एनएफएल (अमेरिकेतली व्यावसायिक लीग) बघून शिकलेल्यांच्या नजरेतून हे हमखास सुटतं. मैदान १६० फूट रुंद. एनएफएलमध्ये दोन हॅशमध्ये साडेअठरा फूट, कॉलेजात ४०. म्हणजे चेंडू हॅशवर असला की एकीकडे ६० फूट, दुसरीकडे तब्बल १००! त्या मोकळ्या रानात जड लाइनबॅकर सोडलास तर तो नुसता पळत राहील. तिथे निकल, म्हणजे पाचवा डिफेन्सिव्ह बॅक (मागे राहून पास अडवणारा चपळ खेळाडू), लाव. मी तर डावं-उजवं म्हणतच नाही. रुंद बाजू आणि अरुंद बाजू.

आर्मी किंवा नेव्ही या लष्करी अकादमींसारखा ऑप्शनवाला संघ, म्हणजे चेंडू कोणी न्यायचा हे क्वार्टरबॅक ऐनवेळी ठरवतो असा, समोर आला की मात्र आकडे विसर. डाइव्ह (मधून थेट घुसणारा) कोण अडवणार, क्वार्टरबॅक कोणाचा, पिच (बाजूला फेकलेला चेंडू) कोणाची, एवढंच घोकून घे.

आणि सुरुवातीला एकच रचना पक्की कर. समोरचे हडल (दोन चालींमधला घोळका) न करता भराभर खेळायला लागले की खेळाडू बदलायला उसंत मिळत नाही. मैदानात असतील त्याच अकरा जणांनी निभवायचं.