ठिणगी बघून सांगते

ताई, आमच्याकडे पणजोबांच्या वेळचं लोखंडी फाटक आहे. वेलबुट्टीतले दोन वळसे सुटून लोंबताहेत आणि खालची आडवी पट्टी गंजून फुगली आहे. फॅब्रिकेटर म्हणतो, "खराब भाग कापतो, नवं माइल्ड स्टील वेल्ड करतो. रंग लावल्यावर ओळखूही येणार नाही." करून घेऊ का?
– फाटकाचे सध्याचे मालक

थांबवा त्यांना. फॅब्रिकेटर लबाड आहेत असं मी म्हणत नाही. पण ते ज्याला लोखंड म्हणतात आणि तुमचं फाटक ज्याचं आहे, त्या बहुधा दोन वेगळ्या वस्तू आहेत.

जुन्या कामात तीन धातू भेटतात. घडीव लोखंडात कार्बन जवळजवळ नसतोच, पण भट्टीतली मळी, म्हणजे लोखंड गाळताना उरणारा काचेसारखा कचरा, धाग्यांसारखी आत पसरलेली असते. बीड म्हणजे ओतीव लोखंड. त्यात कार्बन दोन ते चार टक्के असतो, म्हणून घाव बसला की ते वाकत नाही, फुटतं. तिसरं माइल्ड स्टील. १८५६मध्ये स्टील बनवायची बेसेमरची पद्धत आली आणि पुढे ते स्वस्त होत गेलं, तसं घडीव लोखंड मागे पडलं. विसाव्या शतकात त्याचं मोठ्या प्रमाणावरचं उत्पादन थांबलंच.

ओळखायचं कसं? सुटलेल्या वळशाचं तुटलेलं टोक भिंगाखाली धरा. ओलं लाकूड मोडल्यासारखे धागे दिसले तर घडीव. करडे, खरखरीत दाणे दिसले तर बीड. बिडावर बहुतेक वेळा साच्याची बारीक शिवणही सापडते आणि दहा पानं असली तर दहाही हुबेहूब सारखी असतात. घडीव कामात दोन पानं सारखी नसतात. खात्री होत नसेल तर दिसणार नाही अशा जागी ग्राइंडर क्षणभर टेकवा. घडीव लोखंडाच्या ठिणग्या लांब, वाळल्या गवताच्या रंगाच्या जातात आणि त्यांना फुलं जवळजवळ नसतात. स्टीलच्या ठिणगीला मधेच फाटे फुटतात. बिडाची ठिणगी आखूड, लाल, मंद. माझे वडील धातूचं नाव कधी विचारत नसत, चाकाकडे बघून सांगायचे.

आता वेल्डिंगचं. ही चूक मी स्वतः केली आहे म्हणून सांगते. काम नवीन होतं, घाई होती, एका कठड्याचा तुटलेला घडीव गज मी इलेक्ट्रिक वेल्डिंगने जोडला. जोड सुरेख दिसला. दोन वर्षांनी तो गज परत आला. जोड शाबूत होता, पण त्याच्या शेजारी लोखंडाचा पापुद्रा सुटला होता. वेल्डिंगने वरचा थर तेवढा धरला आणि ताण आल्यावर मळीच्या रेषेवरून तो थर उचलला गेला. वडील काही बोलले नाहीत. तो गज बरीच वर्षं भिंतीवर टांगलेला होता.

तुमचं फाटक आधी उलगडावं लागेल. वळसे पट्टीच्या कड्यांनी आवळलेले असणार. कडं तापवलं की उघडतं. आडव्या पट्टीत गजाचं कुसू, म्हणजे टोकाला काढलेली बारीक खुंटी, आरपार जाऊन मागून ठोकून पसरलेलं असेल. प्रत्येक तुकड्याला क्रमांकाची चकती बांधा, त्याआधी पूर्ण फाटकाचं मापासकट चित्र काढा. मग फुगलेल्या पट्टीचा सडलेला भागच तिरपा कापायचा, जुन्याच घडीव लोखंडाचा तुकडा भट्टीत जोडायचा आणि सगळं पुन्हा कुसू, कडी आणि रिव्हेटनेच बसवायचं. तापलेला रिव्हेट थंड होताना आखडतो आणि पट्ट्या करकचून धरतो. १८८९च्या आयफेल टॉवरचे अठरा हजारांवर तुकडे असेच धरून ठेवलेले आहेत, पंचवीस लाख रिव्हेटांनी. तेही आपल्या फाटकाच्याच जातीचं लोखंड आहे, स्टील नव्हे. असा जोड पुढच्या माणसाला परत उघडता येतो, हा माझ्या दृष्टीने त्याचा सर्वांत मोठा गुण.

"ओळखूही येणार नाही" याबद्दल एक शब्द. जुन्या वास्तूंच्या जतनासाठी केलेल्या १९६४च्या व्हेनिस सनदेत म्हटलंय की नवा भाग जुन्याशी मेळ खावा, पण मूळ कामापासून वेगळा ओळखताही यावा. मी नव्या तुकड्याच्या मागच्या बाजूला सुंब्याने वर्ष उठवते. समोरून काही दिसत नाही, शोधणाऱ्याला सापडतं.

मी बारा वर्षं वेल्डिंग करतोय. आता भट्टीतला जोड शिकायचा प्रयत्न चाललाय. दोन टोकं पांढरी होईपर्यंत तापवतो, ऐरणीवर ठेवून जोरात घण घालतो, तरी टोकं सुटतात. कधी जळतातही. कुठे चुकतंय?
– एक वेल्डर

पत्र वाचताना तुमची भट्टी डोळ्यांसमोर आली. भाता जोरात चालू आहे आणि निखाऱ्यांचा थर उथळ आहे, बरोबर? उथळ आगीतून वारा थेट लोखंडावर येतो आणि टोकाला साल, म्हणजे तापलेल्या लोखंडावरचा काळा पापुद्रा, धरते. सालीवर साल कधीच जुळत नाही. थर खोल ठेवा, लोखंड त्याच्या मधोमध ठेवा आणि भाता हळू करा. कोळशातला गंधक आधी जळून जाऊ द्या, नाहीतर लोखंड लाल असतानाच तडकतं.

दुसरं, टोकांची तयारी. तापवून, उभं ठोकून टोक आधी फुगवून घ्या, कारण जोडताना ते बारीक होणारच. मग उतार काढा, पण सपाट नको, मध्ये किंचित फुगीर. दोन फुगीर पोटं आधी मधोमध टेकतात आणि वितळलेली मळी कडेने बाहेर पडते. सपाट ठेवलंत तर मळी आत कोंडते. बाहेरून जोड दिसेल, आतून पोकळ.

घडीव लोखंडावर स्वच्छ बारीक वाळू टाकली तरी भागतं. स्टीलला टाकणखार लागतो आणि ते घडीव लोखंडापेक्षा कमी तापातच जळायला लागतं. तुमची टोकं जळतात त्यावरून वाटतं, तुम्ही सराव स्टीलवर करताय आणि ताप घडीव लोखंडाचा देताय. रंगाकडे बघा. पिवळ्याच्या पुढे गेलं की पृष्ठभाग ओला दिसायला लागतो, लोणी सुटल्यासारखा. एखाददुसरी ठिणगी उडाली की बाहेर काढा. ठिणग्यांची फुलबाजी झाली तर उशीर झाला.

आणि तो जोरातला घण! पहिला घाव हलका, मधोमध. तेवढ्याने टोकं एकमेकांना धरतात. मग कडा, मग जोर. ऐरण आधी गरम करून घ्या. खालचं टोक ऐरणीवर टेकवून वाट बघू नका, थंड ऐरण दोन श्वासांत ताप पिऊन टाकते. मी वडिलांसमोर घण घेऊन उभी राहायचे. ते हातोडीने जागा दाखवायचे, घण तिथेच पडायचा. त्यांची हातोडी ऐरणीवर आडवी झाली की मी थांबायची. बोलायला वेळच नसतो. भट्टीपासून पहिल्या घावापर्यंत चार-पाच सेकंद, बास.

एकट्याला जमत नसेल तर हार मानू नका, जोडीदार शोधा. दिल्लीचा लोहस्तंभ सहा टनांहून जड आहे, सुमारे १६०० वर्षांपूर्वीचा, आणि तो ओतलेला नाही. लोखंडाचे गोळे तापवून, एकमेकांत ठोकून केलेला आहे. किती हात लागले असतील! तो गंजून संपला नाही याचं मोठं श्रेय त्यातल्या जास्तीच्या फॉस्फरसला जातं, त्यामुळे वर राखणारा पातळ थर तयार झाला.

जुन्या जिन्याचा कठडा सँडब्लास्टिंग करून पावडर कोटिंग करावा का?
– एका इमारतीच्या सचिव

नको. ब्लास्टिंगच्या माऱ्याने गंजाबरोबर घडणीच्या वेळची निळसर-काळी साल जाते, ती लोखंडाला राखत असते. हातोडीच्या खुणा आणि पानांच्या धारदार कडाही बोथट होतात. पावडर कोटिंग कड्यांच्या आणि पट्ट्यांच्या फटीत शिरत नाही, पाणी मात्र शिरतं. गंजाला मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा लागते, त्यामुळे तो आतून फुगून रिव्हेटसुद्धा तोडतो. वरचं कवच तोवर छान चकचकीत!

आधी रंगाची एक खपली काढा आणि तिची कड भिंगातून बघा. थर मोजता येतील, तळाशी बहुधा नारिंगी अस्तर सापडेल. तो शेंदूर आहे, जवसाच्या तेलात कालवलेला. अस्तर उत्तम, पण त्यात शिसं आहे. कोरडं घासू नका, लहान मुलांना जवळ येऊ देऊ नका, खरवडलेलं ओलं करून वेगळं गोळा करा. नव्या कामाला झिंक फॉस्फेटचा प्रायमर, वर हाताने ब्रशने रंग, आणि फटी भरायला विसरू नका.

बिडाच्या जाळीला तडा गेलाय. लोहाराकडे नेऊ?
– एक वाचक

लोहार काय करणार, बीड ऐरणीवर ठेवलं की तुकडे होतात. थंड बिडावर वेल्डिंग केलं तर शेजारी नवा तडा पडतो. संपूर्ण तुकडा आधी तापवून आणि नंतर अगदी हळू थंड करून जमतं, पण त्यासाठी मुरलेला माणूस हवा. त्यापेक्षा टाके घालणारा शोधा. तड्याच्या आडव्या ओळीत भोकं पाडून त्यात धातूच्या कुलुपासारख्या पट्ट्या ठोकून बसवतात, ताप लागतच नाही. एखादं पान हरवलं असेल तर शेजारच्या पानावरून साचा घेऊन ओतता येतं. फक्त बीड थंड होताना साधारण एक टक्का आखडतं, म्हणून नमुना तेवढा मोठा करावा लागतो. हे विसरणाऱ्यांची पानं मी पाहिली आहेत. जाळीत बसतात, पण खुळखुळतात.

दुरुस्तीनंतर उरलेले जुने गज भंगारात द्यायचे का?
– पहिल्याच फाटकाचे मालक, दुसऱ्या पत्रात

अहो, वर काय लिहिलंय! हे लोखंड आता कुणी नव्याने बनवून देत नाही. तुमच्या पट्टीला जोडायचा तुकडा मी अशाच कुणाच्या तरी उरलेल्या गजातून काढणार. तेलाचा हात फिरवून कोरड्या जागी ठेवा, तारेने चिठ्ठी बांधा आणि त्यावर "घडीव" एवढं मोठ्या अक्षरात लिहा.