एकच मशीन घ्यायची तर कुठली? शिलाई मशीनबद्दल तुमचे प्रश्न

या वेळचे प्रश्न बघितले तर बहुतेकांना एकच मशीन हवीय आणि तिनेच घरातलं सगळं शिवायला हवंय. होतं तसं, पण मशीन निवडताना आपण डब्यावरचे आकडे वाचतो आणि आपलं कापड घरीच विसरून जातो, तिथे गडबड होते.

देवगडहून प्रश्न : पहिलीच मशीन घ्यायचीय, बजेट १२ हजारापर्यंत. ब्लाउज, गाऊन, मुलीचे फ्रॉक, पडदे आणि जुन्या जीन्सच्या पिशव्या शिवायच्यात. दुकानदार म्हणतो २१ फंक्शनवाली घ्या, सासूबाई म्हणतात काळी पायमशीनच बरी. कोणाचं ऐकू?

ताई, सासूबाईंचं खोटं नाहीये. तुमच्या यादीतलं बरंचसं काम सरळ टिपेचं आहे आणि सरळ टीप काळ्या मशीनसारखी दुसरी कुठली मारत नाही, शिवाय ती बिडाची असल्यामुळे जाड कापडावर नाचत नाही. पण फ्रॉकची आतली कड सुते सोडते, होजिअरीचं कापड ताणलं की सरळ टीप तुटते, काज करायचं असतं, हे सगळं झिगझॅगशिवाय, म्हणजे सुई डावीउजवीकडे जाऊन पडणाऱ्या नागमोडी टाक्याशिवाय, नीट होत नाही. म्हणून तुमच्यासाठी मी साधी मेकॅनिकल झिगझॅग सुचवेन, कॉम्प्युटराइज्ड नको.

आता ते २१. फंक्शन म्हणजे २१ वेगवेगळे टाके असं नसतं हो, टाके कमी असतात आणि त्याच टाक्यांनी काज करता येतं, चेन लावता येते, तुरपाई होते असं सगळं मोजून आकडा मोठा करतात. तुम्हाला रोज लागणार सरळ, झिगझॅग, तीन टप्प्यांचा झिगझॅग, तुरपाईचा आणि काज. बास. पाना-फुलांची नक्षी पहिल्या आठवड्यात सगळे काढून बघतात, नंतर कोणी हात लावत नाही.

त्यापेक्षा हे बघा, टाक्याची लांबी आणि रुंदी यांच्यासाठी दोन वेगळे डायल आहेत का. स्वस्तातल्या काही मॉडेलला रुंदी नक्षीबरोबर ठरून येते, आपल्याला कमीजास्त करता येत नाही, आणि मग पातळ कापडावर कड गोळा होते. लांबी ४ आणि रुंदी ५ मिलिमीटरपर्यंत जात असेल तर घरासाठी भरपूर झालं. पुढचा भाग काढून बाही गोल फिरवता येते का तेही बघा, फ्रॉकच्या छोट्या बाह्यांना त्याचा फार उपयोग होतो.

आणि दुकानात जाताना पिशवीत तीन तुकडे घेऊन जा, सुती ब्लाउजपीस, जुना टीशर्ट आणि जीन्सचा खालचा दुमडलेला भाग. दुकानदार कडक सुती कापडाच्या दोन घड्यांवर टीप मारून दाखवतो, त्यावर कुठलीही मशीन छानच चालते. जीन्सच्या जोडावर, जिथे सहा पदर येतात, तिथे १६ किंवा १८ नंबरची सुई लावून हळू चालवायला सांगा, टीशर्टला बॉलपॉइंट सुई लावायला सांगा, आणि टीप उलट्या बाजूने बघा, खाली धाग्याचे फुगे दिसले तर टेन्शन (धाग्याचा ताण) सेट करून परत मारायला लावा. तरी जमलं नाही तर ती मशीन सोडा.

शेवटचं, पण माझ्या मते सगळ्यात मोठं : रिपेअर कोण करणार? उषा असो, सिंगर असो, ब्रदर असो, देवगडला किंवा निदान कणकवलीला तिचा मेकॅनिक आणि पार्ट मिळतात का ते आधी विचारा, पैसे नंतर द्या. ऑनलाइन हजार रुपये वाचले आणि एका शटलसाठी (सुईचा धागा खाली पकडणारा छोटा भाग) मशीन एसटीत घालून कोल्हापूरला न्यावी लागली तर काय वाचलं?

अलिबागहून प्रश्न : आजीची काळी पायमशीन माळ्यावर पडून आहे. गंजलीय, चाक जड फिरतं. आई दरवर्षी खोबरेल तेल घालायची. विकून नवी घेऊ का?

विकू नका! भंगारवाला किलोवर घेईल आणि तुम्ही कायमची पस्तावाल. चाक जड होण्याचं निम्मं कारण तुमच्या प्रश्नातच आहे. खोबरेल तेल केसांना चांगलं, मशीनला अजिबात नाही, ते हळूहळू चिकट होतं, त्यात कापडाचा भुगा बसतो आणि थंडीत तर गोठतंच. आपल्याकडे खोबरेल घरात असतंच म्हणून तेच घातलं जातं, किती चांगल्या मशीन अशा अडकून बसल्यात!

प्रत्येक तेलाच्या भोकात थोडं रॉकेल किंवा मशीन साफ करायचं लिक्विड सोडा, चाक हाताने पुढेमागे हलवत राहा, काळं पाणी बाहेर येईल ते पुसा, रात्रभर ठेवून सकाळी परत तसंच करा. नंतर शिलाई मशीनचं पांढरं पातळ तेल घाला, रॉकेल आत तसंच ठेवू नका कारण ते वंगण नव्हे. वरवरचा गंज घाबरण्यासारखा नसतो. शटल आणि त्याची खाच मात्र बोट फिरवून बघा, खरखरीत लागलं तर शटल बदला, ते सहज मिळतं. सुईचा दांडा हाताने हलवून बघा, आजूबाजूला जास्त हलत असेल तर मेकॅनिकला दाखवा. चामड्याचा पट्टा पावसाळ्यात ओलसर होऊन ढिला पडतो, थोडा कापून परत जोडायचा, साधं काम आहे.

समुद्राजवळच्या घरात हवेतच मीठ असतं, ते लोखंडावर बसतं आणि हवेतला ओलावा धरून ठेवतं, म्हणून आपल्याकडे मशीन घाटावरच्यापेक्षा लवकर गंजते. प्लॅस्टिकचं कव्हर घालू नका, आत घाम धरतो, जुन्या सुती साडीचं कव्हर शिवा. बॉबिन केस (खालच्या धाग्याची रीळ बसते ती) ठेवता त्या डबीत सिलिका जेलची पुडी टाका. जून ते सप्टेंबर आठवड्यातून एकदा तरी दहा मिनिटं चालवाच, शिवायला काही नसलं तरी.

चिपळूणहून प्रश्न : पावसात लाईट सारखी जाते. मोटरवाली मशीन इन्व्हर्टरवर चालेल का?

चालेल. घरगुती मशीनची मोटर साधारण पंख्याएवढीच वीज घेते, शंभर वॅटच्या आतबाहेर. साध्या स्क्वेअर वेव्हच्या इन्व्हर्टरवर मेकॅनिकल मशीन थोडी गुणगुणेल पण शिवेल, कॉम्प्युटराइज्डला मात्र साइन वेव्हचाच इन्व्हर्टर द्या कारण आतला बोर्ड नाजूक असतो आणि गेला तर खर्च मोठा. व्होल्टेज कमी असलं की मोटर जाड कापडावर थबकते, तेव्हा पॅडल दाबून धरू नका, गरम होते. ढग गडगडायला लागले की प्लग काढून ठेवायचा.

काळ्या मशीनला दोन्ही सोयी ठेवता येतात, मागे मोटर बसवायची आणि लाईट गेली की तिचा पट्टा काढून पायाचा चढवायचा. चिपळूणला २०२१ च्या जुलैत पाणी कसं चढलं ते तुम्ही बघितलंय, म्हणून पूररेषेजवळ राहणाऱ्यांनी उचलून वर नेता येईल अशी पोर्टेबल घेतली तर बरं, बिडाची मशीन स्टँडसकट ऐनवेळी कोण उचलणार.

गुहागरहून प्रश्न : मोबाईलवर हातात धरायची छोटी मशीन दिसते, हजाराच्या आत. घेऊ का?

नको. एका धाग्याची साखळी टीप असते, शेवट नीट बांधला नाही तर एक टोक ओढलं की सगळी उसवते. प्रवासात एखादा पदर टाचायला ठीक, रोजच्या शिवणाला नाही.

वेंगुर्ल्याहून प्रश्न : पडवीला बांधायची ताडपत्री घरच्या मशीनवर शिवली तर?

काका, नका करू. वजनाने ओढली जाते, सुई वाकते आणि सुई-शटलचा मेळ (टायमिंग) बिघडतो, वर टिपेच्या भोकांतून पाणी येतं ते वेगळंच. ताडपत्रीवाल्याकडून मशीनवर जोडून किंवा तापवून चिकटवून घ्या.

मालवणहून प्रश्न : आमचा होमस्टे आहे. उशांचे अभ्रे, पडदे आणि जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवायच्यात. झिगझॅगवर गोधडी होईल?

अभ्रे-पडदे कुठल्याही मशीनवर होतील, लांब सरळ टिपांना काळी मशीन पटापट आवरते. गोधडीचं असं आहे की पोर्टेबल मशीनच्या सुईपासून उजवीकडच्या खांबापर्यंत जागा असते जेमतेम १६ सेंटिमीटर, तिथून अख्खी गोधडी गुंडाळून सरकवायची म्हणजे खांदे दुखतात. तीन-चार पदरांची, एका माणसाची असेल तर होते. वॉकिंग फूट (सगळे पदर बरोबर सरकवणारा मशीनचा पाय) वेगळा मिळतो तो घ्या, म्हणजे वरचा पदर पुढे सरकून चुण्या पडत नाहीत, टाका ३ ते ४ मिलिमीटरचा ठेवा, सुई १६ नंबरची, आणि मधून सुरू करून कडेला या. सगळे पदर आधी हाताने मोठे धावते टाके घालून टाचून घ्या, हे कंटाळवाणं आहे पण टाळू नका. सहा-सात पदरांची जाड गोधडी मात्र हातानेच शिवा, ती हातानेच सुंदर दिसते आणि पाहुणेही त्याचंच कौतुक करतात.

रत्नागिरीहून प्रश्न : आजूबाजूच्या बायका ब्लाउज आणि फॉल-पिको देतात. घरच्या झिगझॅगवर धंदा चालेल का, की दुसरी मशीन घेऊ? घ्यायची तर इंटरलॉक (कापडाची कड गुंफून देणारी) आधी की पिको मशीन आधी?

दिवसाला एक-दोन साड्या असतील तर झिगझॅगवर पिको होतो. गणपतीच्या आधी दहा-बारा साड्या एकदम आल्या की मोटर तापते, ती घरासाठीच बनवलेली असते, तिला अधूनमधून विश्रांती द्यावी लागते. धंदा वाढतोय असं वाटलं तर झिगझॅग घरच्यासाठी ठेवा आणि ब्लाउजला मोटर लावलेली फुल शटल मशीन, म्हणजे टेलरकडे असते ती सरळ टिपेची, घ्या.

पैशाचं म्हणाल तर पंतप्रधान विश्वकर्मा योजना बघा, १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली, १८ व्यवसायांमध्ये शिवणकाम आहे, अवजारांसाठी १५ हजारापर्यंत ई-व्हाउचर आणि ट्रेनिंगमध्ये दिवसाला ५०० रुपये भत्ता. एका कुटुंबातून एकालाच मिळतं. नोंदणीची चौकशी जवळच्या सीएससी केंद्रात (सरकारी ऑनलाइन सेवा मिळतात तिथे) करा, आधार आणि बँकेचं पासबुक घेऊन जा.

इंटरलॉक आधी की पिको मशीन आधी, तर तुमची वही काढून मागच्या दोन महिन्यांची कामं बघा. साड्या जास्त असतील तर पिको, ब्लाउज-ड्रेस जास्त असतील तर इंटरलॉक. दोन्ही एकदम घेऊ नका, एकीचे पैसे सुटले की मग दुसरी.