बागेत दोनच गोगलगायी होत्या, महिन्याभरात शेकडो पिल्लं कुठून आली? त्यातला नर कोणता, मादी कोणती?

नर कोणताच नाही आणि मादीही नाही. दोघी दोन्ही आहेत.

तुम्ही लिहिलंय की शंख तपकिरी, पट्ट्यापट्ट्यांचा, निमुळता आणि बोटाएवढा लांब आहे. म्हणजे ही आफ्रिकन गोगलगाय, आमच्याकडे तिला शंखी म्हणतात. मूळची पूर्व आफ्रिकेतली. १८४७ मध्ये बेन्सन नावाच्या इंग्रज शंखसंग्राहकाने मॉरिशसहून कोलकात्याला आणून तिथल्या एका बागेत सोडली. २०२२ मध्ये लातूर, बीड, धाराशिवकडे हिने सोयाबीनचा फडशा पाडला, तेव्हा आमच्या रानातही दुबार पेरणी करावी लागली. माझी ओळख तिथली.

प्रत्येकीच्या अंगात शुक्राणूही तयार होतात आणि अंडीही. आधी शुक्राणू, अंडी नंतर. साधारण सहा महिन्यांची झाली की ती अंडी घालण्याजोगी होते. जननछिद्र डोक्याच्या उजव्या बाजूला, शिंगांच्या मागे असतं. रात्री दोघी एकमेकींना चिकटून कित्येक तास तशाच राहतात आणि शुक्राणूंची देवाणघेवाण होते. दोघी बरोबरीच्या असतील तर दोघीही अंड्यावर येतात. शिवाय मिळालेले शुक्राणू महिनोन्महिने पोटात साठवता येतात, त्यामुळे एकदा जुळलेली गोगलगाय पुढे एकटी असली तरी अंडी घालू शकते. 'एकच तर आहे, राहू दे' म्हणणारे इथे फसतात.

अंडी मी पहिल्यांदा पाहिली ती बांधावरच्या कुजक्या पाचोळ्याखाली. खुरप्याने दोन बोटं माती सरकवली तर भिजलेल्या साबुदाण्यासारखा पुंजका निघाला, फक्त रंग पिवळसर. एक दाणा नखाने दाबला, तर कवच पातळ पण चुन्याचं, कुरकुरीत. एका खेपेला शंभर अंडी सहज, मोठी झालेली गोगलगाय त्याहून बरीच जास्त घालते, आणि वर्षातून अशा कितीतरी खेपा. तुमची शेकडो पिल्लं म्हणजे दोघींची एकेक खेप.

हिच्या पिल्लाला अळीची अवस्था नसते. समुद्रातल्या बऱ्याच गोगलगायींची अळी पाण्यात पोहत फिरते, हिची सगळी वाढ अंड्यातच उरकते. तिथेच पोटातला भाग वळून उलटा होतो आणि गुदद्वार डोक्याच्या वर येतं (विचित्र आहे, पण आहे). ऊब आणि ओल असेल तर आठवड्या-दोन आठवड्यांत, कधी तीन आठवड्यांत अंडं फुटतं. पिल्लू शंख घेऊनच बाहेर येतं आणि पहिलं जेवण स्वतःच्या अंड्याच्या कवचाचं करतं, शंखाला चुना लागतो ना. मग काही दिवस मातीतच राहून वर येतं. पुढे शंख वाढतो तो तोंडाच्या कडेने. मोठ्या गोगलगायीच्या शंखाचं टोक बघा, तो बारीक वेढा तिच्या जन्माच्या वेळचा.

सगळ्याच गोगलगायी अशा नसतात. प्राणिशास्त्राच्या वर्गात पूर्वी चिरायचे ती तळ्यातली गोगलगाय, पायला, घ्या, तिच्यात नर वेगळा, मादी वेगळी.

आता बागेचं. नुसती पिल्लं वेचून भागणार नाही. कुंड्या उचलून बघा, विटांच्या कडेची ओली माती उकरा, अंडी सापडली की ठेचा. मोठ्या गोगलगायींसाठी संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट टाकून ठेवा, सकाळी त्याखाली जमलेल्या गोळा करून मिठाच्या घट्ट पाण्यात टाका. हातमोजे घालाच, हिच्या अंगात मेंदूला सूज आणणारा जंत असू शकतो. आणि उन्हाळ्यात रिकामा वाटणारा शंख सापडला तर तोंड तपासा. पांढरट पापुद्रा दिसला तर ती आत झोपलेली आहे, पहिल्या पावसाला उठेल.