चार्टवर ती सही करू नका

प्रश्न : जनरल ड्यूटी असिस्टंटचा सहा महिन्यांचा कोर्स करून मी नाशिक जिल्ह्यातील एका खासगी रुग्णालयात काम करते. गेल्या आठवड्यात माझ्या रात्रपाळीत बहात्तर वर्षांच्या एक आजी कॉटवरून पडल्या व त्यांचे खुब्याचे हाड मोडले. कठड्याचा खटका तुटल्याचे मी संध्याकाळीच सिस्टरना तोंडी सांगितले होते. त्या रात्री आजींना लिहून दिलेले झोपेचे इंजेक्शन सिस्टरच्या सांगण्यावरून मीच दिले. चार्टवर सही मात्र त्यांची आहे. नातेवाइकांनी पोलिसांत तक्रार केली आहे. ‘दर दोन तासांनी रुग्णाला पाहिल्याच्या नोंदी आता लिहून सही कर, नाहीतर पगार आणि मूळ प्रमाणपत्रे मिळणार नाहीत,’ असे मला सांगितले जाते. आजींच्या मुलाने गेटवर विचारले, तेव्हा ‘कठडा तुटलेला होता’ एवढे मी बोलून गेले. मला अटक होईल का?

उत्तर : ताई, ती सही करू नका. तुमच्या पत्रातल्या इतर गोष्टींबाबत तुमच्या बाजूने काही ना काही मांडता येईल. मागाहून लिहिलेल्या खोट्या नोंदीबाबत काहीच मांडता येणार नाही. न्यायालयात पुरावा म्हणून पुढे यावी या हेतूने नोंदवहीत खोटी नोंद करणे म्हणजे भारतीय न्याय संहिता, २०२३ च्या कलम २२८ प्रमाणे खोटा पुरावा तयार करणे होय, आणि न्यायालयीन कामासाठी तसे केल्यास कलम २२९ प्रमाणे सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आजींच्या पडण्याबद्दल जे कलम लागू शकते, त्याची कमाल शिक्षा तीन वर्षे आहे. ज्या प्रसंगातून सुटण्यासाठी तुम्हाला ही नोंद करायला सांगत आहेत, त्याहून त्या नोंदीचीच शिक्षा मोठी आहे. शिवाय एकाच बैठकीत, एकाच पेनने लिहिलेल्या नोंदी ओळखू येतात, आणि त्या खोट्या ठरल्या की त्याच चार्टमधल्या तुमच्या खऱ्या नोंदींवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

आता अटकेविषयी. हाड मोडणे ही कायद्याच्या भाषेत जबर दुखापत आहे. ती उतावळेपणाने वा निष्काळजीपणाने झाली असेल, तर कलम १२५ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. हा गुन्हा जामीनपात्र आहे. अशा प्रकरणात पोलीस सहसा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) प्रमाणे हजर राहण्याची नोटीस देतात. ती आली तर टाळू नका. केवळ साक्षीदार म्हणून जबाब हवा असेल, तर स्त्रीला पोलीस ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसांनी तुमच्या घरी यायचे असते, आणि तपासात नोंदवलेल्या जबाबावर तुमची सही घेता येत नाही. फौजदारी गुन्हा ठरण्यासाठी निष्काळजीपणा ढोबळ स्वरूपाचा असावा लागतो, असे सर्वोच्च न्यायालयाने जेकब मॅथ्यू खटल्यात २००५ मध्ये सांगितले. तो खटला डॉक्टरांविषयीचा होता, तरी तुमच्या वकिलांना त्यातील विवेचन निश्चित उपयोगी पडेल. तुटलेल्या खटक्याची कल्पना तुम्ही आधीच दिली होती, हा तुमचा सर्वांत भक्कम मुद्दा आहे.

एक गोष्ट मात्र लपवत नाही. दुर्दैवाने आजींचा यात मृत्यू झाला, तर भारतीय न्याय संहितेचे कलम १०६(१) लागू शकते आणि त्याची कमाल शिक्षा पाच वर्षे आहे. उपचार करताना झालेल्या अशा मृत्यूसाठी दोन वर्षांची मर्यादा फक्त नोंदणीकृत डॉक्टरांना दिलेली आहे. परिचारिकेला नाही आणि तुम्हालाही नाही. वॉर्डात सर्वांत कमी पगार घेणाऱ्या व्यक्तीवर अधिक शिक्षेची टांगती तलवार असावी, हे मला अन्यायाचे वाटते. पण आज कायदा असा आहे.

तुमच्या पत्रातला अवघड भाग इंजेक्शनचा आहे. ते काम नोंदणीकृत परिचारिकेचे आहे आणि तुमच्या कोर्सने तुम्हाला तो अधिकार मिळत नाही. पात्रता नसलेल्या परिचारिकेने दिलेल्या इंजेक्शनमुळे एका बालकाच्या मेंदूला कायमची इजा झाली, त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये रुग्णालयालाच जबाबदार धरून बालकासाठी साडेबारा लाख आणि आईवडिलांसाठी पाच लाख रुपयांची भरपाई कायम ठेवली. त्यामुळे भरपाईचा मुख्य बोजा तुमच्या रुग्णालयावरच पडेल. फौजदारी जबाबदारी मात्र ज्याची त्याची असते, आणि ‘सिस्टरनी सांगितले’ एवढ्याने ती पूर्ण टळत नाही. म्हणून हा भाग सर्वांत आधी तुमच्या वकिलांना सांगा. वकिलाला विश्वासाने सांगितलेले उघड करता येत नाही. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती आरोपीवर करता येत नाही, हे संविधानाच्या अनुच्छेद २० मध्ये आहे. पण गप्प राहणे वेगळे आणि ‘इंजेक्शन सिस्टरनीच दिले’ असे खोटे सांगणे वेगळे. पुन्हा कोणी असे काम सांगितले, तर आवाज न चढवता म्हणा, ‘सिस्टर, मला इंजेक्शन देण्याची परवानगी नाही, तुम्ही द्या, मी आजींजवळ उभी राहते.’

आज रात्रीच घरी बसून, आजची तारीख घालून, त्या पाळीची हकीकत तुमच्या वकिलांसाठी लिहून काढा : वॉर्डात किती रुग्ण होते, सोबत कोण होते, खटक्याविषयी किती वाजता, कोणाला, कोणत्या शब्दांत सांगितले, आवाज कधी ऐकला, कोणाला हाक मारली. जे पाहिले तेवढेच लिहा. कोणाची चूक होती याचा अंदाज लिहू नका. वेळ नक्की आठवत नसेल तर तसे लिहा. तोंडी कल्पना नाकारणे सोपे असते, म्हणून यापुढे अशी प्रत्येक गोष्ट ड्यूटी बदलताना वहीत नोंदवा.

मुलाशी बोललात त्यात गुन्हा काही नाही. डोळ्यांनी पाहिलेलेच सांगितले. ‘आजी पडल्या याचे मला फार वाईट वाटते,’ असे म्हणणेही चुकीचे नाही. मात्र आजींचा आजार, औषधे यांविषयी यापुढे बोलू नका, कारण ती माहिती आजींची आहे आणि ती देणे डॉक्टरांचे काम आहे. कागदपत्रे हवी असतील तर लेखी मागावीत, डॉक्टरांनी ती ७२ तासांत द्यायची असतात, असे नातेवाइकांना सांगा.

अडवलेल्या पगाराची लेखी तक्रार सहायक कामगार आयुक्तांकडे करा. मूळ प्रमाणपत्रे तुमची मालमत्ता आहेत. ती परत मागणारे पत्र स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. वकिलाच्या फीची चिंता करू नका. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जा, किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करा, आणि जाताना नेमणुकीचे पत्र, त्या महिन्याचा ड्यूटी तक्ता आणि तुम्ही लिहिलेली हकीकत सोबत न्या.