गोरखचिंचेचा गर : सरबत आणि जुलाबावरचा उपाय

प्रश्न : आमच्याकडे गोरखचिंचेची (बाओबाबची) जुनी झाडं आहेत. तिच्या गराचं आफ्रिकेत सरबत करतात आणि जुलाब झालेल्या मुलांना देतात, असं वाचलं. घरी करता येईल का? – एक वाचक, वसई

उत्तर : येईल. सेनेगलमध्ये या सरबताला ‘बुई’ म्हणतात. अखंड कवचाचं, हलवल्यावर खुळखुळणारं फळ घ्या. कवचावरची लव ओल्या फडक्याने पुसून मगच फोडा. गर पांढरट आणि कोरडा हवा. कवचाला चीर असेल तर पावसाळी दमटपणा आत शिरून बुरशी धरते. करडा पडलेला, कुबट वासाचा गर सरळ टाकून द्या.

बियांसकट २५० ग्रॅम गर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात तासभर भिजवा. हाताने चोळा, बिया आणि लाल धागे गाळून काढा, चवीपुरती साखर घाला. गर उकळू नका, क जीवनसत्त्व जातं. दूध घालायचं तर थंडच. गर चांगला आंबट असल्याने गरम दूध फाटतं. सरबत फ्रिजमध्ये ठेवून दोन दिवसांत संपवा.

‘संत्र्याच्या सहापट क जीवनसत्त्व’ ही जाहिरात फसवी आहे. त्यात कोरड्या गराची तुलना रसाळ फळाशी केलेली असते. शिवाय हे प्रमाण झाडागणिक बदलतं. गर पौष्टिक आहेच, पण पेलाभर सरबतात तो थोडाच उतरतो.

जुलाबावर पश्चिम आफ्रिकेत हेच सरबत घट्ट करून घोटघोट पाजतात. गरातल्या पेक्टिन आणि टॅनिनमुळे शौच बांधून येते. मात्र मुलाला खरा धोका असतो तो अंगातलं पाणी आणि क्षार कमी होण्याचा, आणि ते या सरबताने भरून निघत नाहीत. म्हणून आधी ओआरएस, सरबत नंतर. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ते मुळीच देऊ नका. शौचात रक्त दिसलं, लघवी कमी झाली किंवा मूल मलूल पडलं, तर थेट डॉक्टरांकडे जा.

प्रश्न : पानं आणि बियाही खातात का?

उत्तर : हो. उत्तर नायजेरियातले हौसा लोक वाळलेल्या पानांच्या पुडीला ‘कुका’ म्हणतात आणि तिने रस्सा दाट करतात. पानं सावलीत वाळवा. उन्हात त्यांतलं बीटा-कॅरोटीन बरंच घटतं. पुडी भुरभुरत, ढवळत घाला, एकदम टाकली की गुठळ्या होतात. बिया मात्र कच्च्या खाऊ नका. त्यांतले काही घटक प्रथिनं पचू देत नाहीत. भाजल्याने ते कमी होतात.